बंद दाराआडचा रुग्ण

अतिदक्षता विभागाच्या दारावरील पाटी सर्वांच्या परिचयाची आहे. सकाळी अर्धा तास, सायंकाळी अर्धा तास, एका वेळी एकच नातेवाईक. ही वेळ म्हणजे वैद्यकशास्त्राने घालून दिलेली मर्यादाच होय, असा समज सर्वत्र रूढ झाला आहे. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. ती शास्त्राची आज्ञा नसून व्यवस्थेची सोय आहे, आणि या सोयीची किंमत मोजणारा रुग्ण तोंडात नळी असल्यामुळे तक्रारही करू शकत नाही.

या विभागाचा जन्म कसा झाला, हे आठवून पाहावे. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वास घेण्याचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण एकामागून एक दगावू लागले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेला छिद्र पाडून हाताने पिशवी दाबून श्वास देण्याचा मार्ग दाखविला. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस, रुग्णांच्या उशाशी बसून ते काम केले. त्या अनुभवातूनच पुढे अतिदक्षता विभाग उभे राहिले. म्हणजे माणसाने माणसाजवळ जागत बसणे हेच या उपचाराचे मूळ. पुढे पिशवीची जागा यंत्राने घेतली, हे उत्तमच झाले. पण यंत्र आले म्हणून माणसाने उठून जावे, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

जंतुसंसर्ग वाढेल आणि परिचारिकांच्या कामात अडथळा येईल, असे उत्तर मिळते. हे आक्षेप क्षुल्लक नाहीत. परंतु ते तपासून पाहिले गेले आहेत. ब्राझीलमधील ३६ अतिदक्षता विभागांत झालेला एक तुलनात्मक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही काळ जवळच्या नातेवाइकांना दिवसाला १२ तासांपर्यंत रुग्णापाशी राहू दिले होते. रुग्णाची भ्रमावस्था त्यामुळे लक्षणीय कमी झाली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण जंतुसंसर्गही लक्षणीय वाढला नाही, कर्मचाऱ्यांचा शीणही वाढला नाही, आणि कुटुंबीयांची चिंता व खिन्नता मात्र कमी झाली. ज्या भीतीपोटी दार बंद ठेवले जाते, ती भीती तेथे खरी ठरली नाही. मग पाटी बदलण्यास अडचण कोणती?

तथापि सारा दोष रुग्णालयाच्या माथी मारून आपल्या धर्मग्रामांना मोकळे होता येणार नाही. ‘बघायला जाणे’ हा आपल्याकडे जवळजवळ रिवाजच होऊन बसला आहे. जो तो येऊन गेल्याची नोंद व्हावी म्हणून येतो. अर्ध्या तासाचा तो एक पास नऊ जणांच्या हातांतून फिरतो. प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात आणि रुग्णाची पत्नी बाहेरच्या बाकावर पाहुण्यांना तपशील सांगत बसते. आत गेलेले पायाशी उभे राहून रडतात, किंवा बिलाच्या आणि वाटणीच्या गोष्टी रुग्णाच्या अंगावरून एकमेकांशी बोलतात. ‘त्याला काही कळत नाही’ हे गृहीतच धरलेले असते. गुंगीतील माणसाला काहीच ऐकू येत नाही, अशी हमी कोण देऊ शकेल? आजाऱ्यांस भेट देणे हे दयाकृत्य खरेच. पण ज्या भेटीत आजाऱ्याचाच विचार नाही, तिला दयाकृत्य कसे म्हणावे?

दुसरी गोष्ट धर्मगुरूंना बोलावण्याची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले की, हा संस्कार ‘अंत्याभ्यंग’ नसून ‘रुग्णाभ्यंग’ आहे. तो केवळ अखेरच्या घटकेसाठी नाही. पोप पॉल सहावे यांनी १९७२ साली त्याचा विधीही नव्याने घालून दिला. तरीही ‘फादरांना पाहून तो घाबरेल’ असे म्हणून, रुग्ण शुद्धीत असेपर्यंत त्यांना दूर ठेवणारी घरे आजही आहेत. जो संस्कार त्याने डोळे उघडे ठेवून स्वीकारावा, तो त्याला बेशुद्धीत मिळतो.

आमची मागणी मोठी नाही. कुटुंबाने नेमलेल्या एका व्यक्तीला, हात धुऊन आणि उपचारांच्या वेळी बाजूला होऊन, रुग्णापाशी राहू द्यावे. डॉक्टरांनी रोज ठरावीक वेळी तिच्याशी बसून बोलावे. घाईघाईने सही घेणे म्हणजे बोलणे नव्हे. ख्रिस्ताच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयांनी याचा आरंभ करावा, कारण इतरांपेक्षा त्यांच्यावर ते अधिक बंधनकारक आहे.

आणि नात्यागोत्याने, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपला पास त्या एका व्यक्तीच्या हाती ठेवावा. ज्यांना खरोखर काही करावयाचे आहे, त्यांच्यासाठी दाराबाहेर काम पुष्कळ आहे. रक्त द्यावे, डबा पोहोचवावा, घरी राहिलेल्या मुलांना शाळेत सोडावे, रात्री बाकावर बसलेल्या मुलाला दोन तास झोपू द्यावे. या सेवेची नोंद कोणी ठेवणार नाही. पण तिच्यामुळे आत एक ओळखीचा हात रुग्णाच्या हातात राहील, आणि त्याला त्या वेळी तेवढेच हवे असते.