खेळणे म्हणावे की विमान?

लहान मुलांच्या खेळण्यांकडे राज्यकर्त्यांचे लक्ष सहसा जात नाही, आणि बहुधा ते जात नाही हेच बरे असते. परंतु गेल्या काही वर्षांत एका खेळण्यावर एकाच वेळी तीन खात्यांची नजर पडली आहे. जमिनीवर उभे राहून रेडिओच्या साहाय्याने उडवायचे छोटे विमान, ज्या छंदाला आपल्याकडे एअरोमॉडेलिंग म्हणतात, ते जकातीच्या दरपत्रकात खेळणे आहे, नागरी विमानवाहतूक खात्याच्या नियमांत विमान आहे, आणि दूरसंचार खात्याच्या लेखी बिनतारी यंत्र आहे. एका वस्तूला तीन नावे मिळाली म्हणजे तिचा गौरव झाला असे नव्हे. ती विकणारा दुकानदार, ती उडविणारा मुलगा आणि त्याला शिकविणारा जाणता माणूस हे तिघेही या नामकरणाने अडचणीत आले आहेत. त्यांची अडचण कोणाच्याच खिजगणतीत नसल्याने या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस आवश्यक वाटते.

हा छंद काल-परवाचा नाही. अमेरिकेत प्रतिकृती विमाने बांधणाऱ्यांची राष्ट्रीय संस्था १९३६ साली स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी मिशिगन राज्यातील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी 'गफ' नावाचे स्वतः बांधलेले विमान रेडिओच्या आज्ञेवर उडवून दाखविले. ते विमान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या मालकीचे आहे. १९३६ सालीच जपानमध्ये ओ. एस. इंजिनांची निर्मिती सुरू झाली. पुढे या इंजिनांनी आणि फुताबाच्या ट्रान्समीटरांनी जगभरच्या छंदी लोकांची टेबले व्यापली. या साऱ्या व्यवहाराचे केंद्र होते छंदाच्या वस्तूंचे दुकान. भारतात अशी दुकाने मोठ्या शहरांत मोजकीच झाली. अमेरिका, इंग्लंड, जपान येथे मात्र ती गावोगाव होती.

या दुकानात केवळ माल विकला जात नसे. बाल्सा लाकडाच्या हलक्या पट्ट्या, मिथेनॉल आणि एरंडेल यांच्या मिश्रणाचे इंधन, पंखावर इस्त्रीने चिकटवायचा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, सुकाणू हलविणारे आगपेटीएवढे सर्व्हो यांच्याबरोबरच गिऱ्हाइकाला दुकानदाराची अक्कलही मिळे. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून किती अंतरावर हवा, इंजिनाची सुई किती फिरवावी, पहिले विमान कोणते घ्यावे आणि कोणते घेऊ नये, हे त्या फळीवर उभे राहून विनामूल्य शिकता येत असे. शेजारच्या मैदानावरील मंडळाचा पत्ताही तेथेच मिळे.

त्या मैदानावर शिस्त होती, आणि ती कोणा पोलिसाने लावलेली नव्हती. जुने ट्रान्समीटर क्रिस्टलवर चालत, व प्रत्येक क्रिस्टलची लहरसंख्या ठरलेली असे. अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात विमानांसाठी ५० वाहिन्या राखून ठेवल्या होत्या. एकाच वाहिनीवर दोघांनी यंत्र सुरू केले तर हवेतील विमान तत्क्षणी बेताल होऊन खाली येणार, हे प्रत्येकास ठाऊक होते. म्हणून मैदानावर एक फळा असे. त्यावरील आपल्या वाहिनीचा चिमटा हाती आल्याशिवाय कोणी ट्रान्समीटरचे बटण दाबीत नसे. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने १९८१ साली या मंडळींसाठी एक लहानसे पत्रक काढले. ४०० फुटांच्या वर जाऊ नका, विमानतळाजवळ उडविताना तेथील अधिकाऱ्यांस कळवा, अशा सूचना त्यात होत्या, आणि त्यांचे पालन ऐच्छिक होते. पुढे कित्येक वर्षे तेवढ्यावर निभावले, कारण नियम मोडणाऱ्यास शेजारी उभा असलेला सहकारीच खडसावीत होता.

ही रचना मोडली ती प्रथम बाजारामुळे. या शतकाच्या पहिल्या दशकात २.४ गिगाहर्ट्झचे ट्रान्समीटर आले आणि लहरसंख्यांचा घोळ संपला. लिथियमच्या बॅटऱ्या आल्या, इंधनाचा वास आणि तेलकटपणा गेला. फोमची तयार विमाने आली. खोके उघडावे, पंख बसवावा आणि उडवावे. हे सारे वाईट झाले असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांना महिना-दोन महिने बांधणीत घालविणे शक्य नव्हते, त्यांनाही आकाश खुले झाले. परंतु जे बांधलेच नाही ते मोडल्यावर दुरुस्त कसे करावे हे उमगत नाही, आणि ज्याला दुरुस्ती करावयाची नाही त्याला दुकानदाराच्या सल्ल्याची गरज उरत नाही. तयार माल घरबसल्या मागविता येऊ लागला, आणि दुकानांना उतरती कळा लागली.

त्या उतारावरील एक ठळक घटना म्हणजे हॉबिको कंपनीची दिवाळखोरी. इलिनॉय राज्यातील शॅम्पेन येथील ही कंपनी या धंद्यातील अमेरिकेतील सर्वांत मोठ्या वितरकांपैकी एक होती, आणि तिचे कर्मचारीच तिचे भागधारक होते. जानेवारी २०१८ मध्ये तिने दिवाळखोरीच्या कायद्याखाली अर्ज केला, आणि काही महिन्यांतच रेडिओ-विमानांचा तिचा व्यवसाय त्याच गावातील होरायझन हॉबी या प्रतिस्पर्ध्याकडे गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी बाल्साचा तुटवडा पडला. हे लाकूड प्रामुख्याने इक्वेडोरमधून येते आणि पवनचक्क्यांच्या पात्यांतही ते भरतात. २०२० साली चीनने पवनचक्क्या उभारण्याचा सपाटा लावल्याने लाकडाचे भाव कडाडले आणि छंदी माणसाच्या वाट्याला टंचाई आली.

दुसरा आघात ड्रोनचा. चार पंख्यांचे हे यंत्र स्वतःच तोल सांभाळते, उपग्रहाच्या आधाराने वाट शोधते आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यांनी दूरचे पाहते. ते चालविण्यास ना मंडळ लागते, ना गुरू. साहजिकच ते अशा हातांत गेले ज्यांना मैदानाची शिस्त ठाऊक नव्हती, आणि सरकारांना कायदा करणे भाग पडले. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने प्रतिकृती विमानांचे जुने संरक्षण काढून घेतले, आणि सप्टेंबर २०२३ पासून २५० ग्रॅमहून जड असे कोणतेही यंत्र उडविताना त्याने आपली ओळख रेडिओवरून सांगितली पाहिजे असे बंधन आले. तथापि त्याच नियमांत एक शहाणपणाची पळवाट ठेवलेली आहे. मान्यताप्राप्त संस्थांच्या ठरावीक मैदानांवर हे ओळखयंत्र नसले तरी चालते. म्हणजे मैदानाची शिस्त हीच ओळख मानली गेली.

आता आपल्याकडे पाहू. २५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने जे ड्रोन नियम जारी केले ते आधीच्या नियमांच्या मानाने उदार आहेत, हे मान्य केले पाहिजे. अर्जांची संख्या घटली, शुल्क उतरले. या नियमांत प्रतिकृती विमानांची दखलही आहे. २५ किलोपर्यंतचे, शिक्षण, संशोधन वा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडविले जाणारे यंत्र अशी त्यांची व्याख्या करून त्यांना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट दिली आहे. परंतु यंत्राला दिलेली सूट ते चालविणाऱ्या माणसाला दिलेली नाही. बिगरव्यापारी वापरासाठी वैमानिकाच्या प्रमाणपत्रावाचून चालते ते केवळ २ किलो वजनापर्यंत. त्यापुढे प्रमाणपत्र हवे, आणि ते मिळण्यासाठी वय १८ ते ६५ च्या दरम्यान, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, अशा अटी आहेत.

कागदावर या अटी वाजवी दिसतात. मैदानावर त्यांचा अर्थ निराळा होतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्या विमानावर नवखा मुलगा शिकत आला, ते सुमारे पाच फूट पंखांचे इंजिनाचे विमान साधारणपणे सव्वादोन ते पावणेतीन किलो भरते. म्हणजे शिकण्याचे विमानच मर्यादेच्या थोडे बाहेर पडले. पंधरा वर्षांच्या मुलाला ते उडविता येत नाही, कारण त्याचे वय कमी. सत्तर वर्षांच्या निवृत्त गृहस्थाला, ज्याच्यापाशी वेळ, अनुभव आणि शिकविण्याची हौस असते, नव्याने प्रमाणपत्र मिळत नाही, कारण त्याचे वय जास्त. शिष्य आणि गुरू दोघेही एकाच नियमाने मैदानाबाहेर गेले. ऑगस्ट २००३ मध्ये मेनार्ड हिल या अमेरिकन गृहस्थाने बाल्साचे पाच किलोहून कमी वजनाचे विमान न्यूफाउंडलंडहून आयर्लंडला पोहोचविले. ते ३८ तास ५२ मिनिटे हवेत होते. किनारा सुटल्यावर त्याची दिशा आतील यंत्राने राखली. तेव्हा हिल ७७ वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. अशा माणसाला आपल्या नियमांत शिकविण्यापुरतेही स्थान नाही.

दुकानदाराची गत याहून निराळी नाही. खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झाले. देशी खेळणी बनविणाऱ्यांना संरक्षण देण्याचा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. पुढे ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांचा अपवाद ठेवला, आणि सुटे भाग मोकळे राहिले. आंतरराष्ट्रीय दरपत्रकात मानवरहित विमानांचे नवे शीर्षक निघाले तेव्हा केवळ करमणुकीसाठी केलेली उडती खेळणी त्यातून वगळण्यात आली. तेव्हा बंदरावर उघडलेल्या खोक्यातील वस्तू खेळणे ठरली तर तिच्यावर जबर कर, विमान ठरली तर तिला बंदी, आणि त्यातील ट्रान्समीटरला पुन्हा बिनतारी विभागाची मान्यता. निर्णय अधिकाऱ्याच्या वाचनावर. भांडवल अडकवून महिनोन्‌महिने वाट पाहण्याची ताकद मोठ्या कंपनीत असते. छंदाचे दुकान चालविणाऱ्या माणसात ती नसते.

यावर सुरक्षेचा मुद्दा मांडला जाईल, आणि तो पोकळ नाही. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकण्यात आली. युक्रेनच्या युद्धात तर छंदाच्या बाजारातील मोटारी आणि रेडिओ जोडून केलेली यंत्रे रणगाड्यांवर आदळत आली आहेत. सरकारने सावध राहू नये असे कोण म्हणेल? पण सावधपणा नेमका असावा लागतो. धोका आहे तो नजरेआड जाणाऱ्या, स्वतः वाट शोधणाऱ्या, ओळख नसलेल्या यंत्राचा. ठरलेल्या मैदानावर, नोंद असलेल्या मंडळाच्या देखरेखीखाली, डोळ्यांसमोर हाताने उडविले जाणारे विमान त्या प्रकारात मोडत नाही. वजनाचा काटा या दोहोंतला फरक सांगू शकत नाही. उडविण्याची जागा आणि रीत तो सांगू शकते.

हा प्रश्न केवळ काही हौशी लोकांच्या रविवारचा असता तर त्यावर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. २०२१ साली सरकारने ड्रोन उद्योगासाठी तीन वर्षांत १२० कोटी रुपयांच्या उत्पादनाधारित प्रोत्साहनाची योजना जाहीर केली. २०३० पर्यंत भारताला या उद्योगाचे जागतिक केंद्र करण्याचे स्वप्न आहे. कारखान्याला अनुदान देता येते; पंखाचा कोन चुकला की विमान का कोसळते हे ज्याच्या बोटांना कळते असा माणूस अनुदानाने तयार होत नाही. तो लहानपणीच घडावा लागतो. माणसाच्या स्नायूंच्या बळावर चालणारे विमान १९७९ साली इंग्लिश खाडीपार नेणारे पॉल मॅक्रेडी यांची सुरुवात बालपणीच्या प्रतिकृती विमानांतच झाली होती. आपल्याकडे एन.सी.सी.च्या हवाई शाखेत एअरोमॉडेलिंग शिकविले जाते आणि वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात, ही समाधानाची गोष्ट. पण गणवेश न घातलेल्या मुलाने कोठे जावे?

गोव्यापुरते बोलायचे तर दिवाळीपूर्वी येथील वाड्यावाड्यांवर कामट्यांचे सांगाडे बांधून, त्यांवर कागद ताणून आकाशकंदील आणि नरकासुर करणारी मुले विमानाच्या पंखाची निम्मी विद्या आधीच जाणतात. उणीव आहे ती उरलेली निम्मी शिकविणाऱ्याची आणि जागेची. दाबोळी येथे नौदलाचा तळ आणि विमानतळ, आणि जानेवारी २०२३ पासून मोपा येथे दुसरा विमानतळ. नियमानुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते, ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. एवढ्याशा राज्यात ही दोन वर्तुळे लहान नव्हेत. तरीही त्यांच्या बाहेर मोकळे सडे आहेत, कापणीनंतर रिकामी होणारी शेते आहेत आणि फर्मागुडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. एखादा सडा आठवड्यातून एक दिवस या कामासाठी राखणे राज्य सरकारला अशक्य नाही.

केंद्राकडे आमचे मागणे माफक आहे. नोंदणीकृत मैदानावर जाणत्याच्या देखरेखीखाली अठरा वर्षांखालील मुलांना दोन किलोवरील विमान उडविण्याची मुभा द्यावी. पासष्टीनंतर प्रकृतीचा दाखला पुरेसा मानावा. बांधणीचे लाकूड, इंजिने, सर्व्हो आणि रेडिओ यांच्यासाठी जकातीचे एकच स्पष्ट कलम करावे, म्हणजे दुकानदाराला आपला माल काय आहे हे आधीच कळेल. यांतील एकाही गोष्टीला तिजोरीतील पैसा लागत नाही. ज्या देशाला उद्या आकाशात आपली यंत्रे पाठवायची आहेत, त्याने आज मैदानावर उभ्या असलेल्या पोराला अठरा वर्षांचा होईपर्यंत थांबायला सांगू नये. तोवर त्याचे लक्ष दुसरीकडे गेलेले असेल, आणि त्याला शिकवू शकणारा म्हाताराही उरला नसेल.