महागाई दोघांनाही, वजावट एकालाच



अनिवासी भारतीयांच्या घरविक्रीवर जादा कर योग्यच, हा एका पत्रलेखकाचा निष्कर्ष मान्य होण्यासारखा नाही. महाळुंगे येथे २०१२-१३ मध्ये ५० लाखांना घेतलेला फ्लॅट २३ जुलै २०२४ नंतर, त्याच आर्थिक वर्षात ८० लाखांना विकला असे धरू. महागाई निर्देशांक २०० वरून ३६३ झाल्याने खरेदीमूल्य ९०.७५ लाख ठरते. निवासी विक्रेता महागाई वजावटीसह २० टक्क्यांचा जुना पर्याय निवडतो आणि त्याचा कर शून्य होतो. अनिवासी शेजाऱ्याला हा पर्यायच नाही. त्याने ३० लाखांवर १२.५ टक्के, म्हणजे पावणेचार लाख भरायचे, उपकर वेगळा! परदेशस्थाकडून वसुली अवघड, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यासाठीच तर खरेदीदार टीडीएस आधीच कापतो. वसुलीची हमी वेगळी, कराचे ओझे वेगळे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांसाठी अनिवासींनाही हा पर्याय मिळालाच पाहिजे.

— एक वाचक, महाळुंगे (ता. मुळशी, जि. पुणे)