दाव्याची परीक्षा मुलचेऱ्यात घ्या

सरकारी खरेदीत ‘दिव्यांगस्नेही’ हे प्रमाणपत्र अनेकदा विक्रेताच स्वतःला देतो. ते तपासायला आपल्याकडे कसोटी आहे: डिजिटल सुगम्यतेचे भारतीय मानक ‘आयएस १७८०२’. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा, त्याच्या नियमांत हे मानक २०२३ साली आले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगम्यता हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. त्या प्रकरणात ऑनलाइन पडताळणीतली डोळे मिचकावून ओळख पटवण्याची अट अंध आणि ॲसिडहल्ला झालेल्यांना बँकेबाहेर ठेवत होती.

म्हणून निविदेत नुसते ‘होय’ स्वीकारू नये. मानकाचे कोणते कलम पूर्ण, कोणते अपुरे, चाचणी कोणत्या स्क्रीन रीडरवर आणि मराठीत झाली का, हे लेखी मागावे. आणि मग गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यासारख्या जंगलतालुक्यात, अधूनमधून तुटणाऱ्या नेटवर्कवर, अंध व्यक्तीला उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज कुणाच्याही मदतीविना भरू द्यावा. कॅप्चाला आवाजी पर्याय नसेल, बटणाला नाव नसेल, तर ते तिथेच उघडे पडेल. इथे माडिया, गोंडी, बंगाली बोलणारी घरे आहेत. त्यांच्यातले दिव्यांगही या चाचणीत हवेत, त्यांच्या वेळेचा मोबदला देऊन. ही चाचणी पार होईपर्यंत जिल्हा प्रशासनाने विक्रेत्याचे अंतिम देयक रोखून धरावे.