ओसरीवरून : धूर आहे, पण अग्नि नाहीं

गेल्या पौषांतील गोष्ट. पहाटे चारच्या सुमारास आमच्या वडील वहिनींना श्वास लागला. त्यांना तत्काळ धाराशिवास दवाखान्यांत नेणें भाग होतें. अंगणांत आमची डिझेलची जुनी जीप उभी होती. धाकट्या पुतण्यानें किल्ली फिरविली. यंत्र फिरलें, परंतु सुरू होईना. मग थोरल्यानें फिरविली. मग पुण्यास अभियांत्रिकी शिकणारा आमचा नातू उठून आला, त्यानें फिरविली. एक म्हणे बॅटरी गेली, दुसरा म्हणे डिझेल गोठलें, तिसरा म्हणे पंपच बिघडला. आणि प्रत्येक जण आपलें मत सिद्ध करण्यासाठीं पुनः पुनः किल्ली फिरवी. पाऊण तासानें बॅटरी खरोखरच गेली, आणि शेजाऱ्यांच्या टेम्पोंतून वहिनींना न्यावें लागलें. त्या सुखरूप परत आल्या. परंतु घोंगडी पांघरून ओसरीवर बसलेल्या वहिनींचा तो श्वासाचा आवाज माझ्या कानांतून अद्यापि गेलेला नाहीं.

त्या अवधींत मागच्या नळींतून पांढरा धूर निघत होता, आणि तो मी एकट्यानेंच पाहिला. पाहून मी काय केलें? धूर आहे त्या अर्थीं आंत अग्नि आहे, आतां गाडी सुरू होईलच, असें अनुमान करून स्वस्थ बसलों! मुलांना तर्कशास्त्राचे पाठ देण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याची ही फजिती सांगण्यासारखीच आहे. दुसरे दिवशीं मिस्त्री आला, तो हंसून म्हणाला, "गुरुजी, तो धूर नव्हता. डिझेल जळालंच नव्हतं. त्याची वाफ होती ती."

डिझेलच्या यंत्रांत ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यानें 1897 सालीं जर्मनींतील ऑग्सबर्ग येथें जें यंत्र यशस्वी करून दाखविलें, त्याचें मर्म असें कीं, कोंडलेली हवा अठरा-वीसपट दाबली म्हणजे ती पांचशें अंशांच्याही वर तापते, आणि त्या तप्त हवेंत तेल फवारतांच तें आपोआप पेट घेतें. थंडीच्या पहाटे गारठलेलें लोखंड ही उष्णता शोषून घेतें. म्हणूनच अशा अनेक गाड्यांत प्रत्येक नळकांड्यास एक हीटर-प्लग बसविलेला असतो. किल्ली अर्धी फिरविली कीं तो तापून लाल होतो. समोरचा पिंवळा दिवा विझेपर्यंत थांबून मग पुढें फिरवावयाचें, असा त्याचा क्रम. आमच्या चार प्लगांपैकीं तीन निकामी निघाले! मिस्त्रीची परीक्षा अगदीं साधी होती. प्लगची तार सोडवून बारा व्होल्टांच्या बल्बाचें एक टोंक बॅटरीच्या धन बाजूस व दुसरें प्लगच्या माथ्यास लावावें. बल्ब लागला तर प्लग शाबूत, न लागला तर तुटलेला.

आदल्या हिवाळ्यांतही गाडी अशीच अडली होती. तेव्हां मींच आग्रह करून नवी बॅटरी आणविली. तिच्या जोरानें यंत्र भराभर फिरूं लागलें, गाडी सुरू झाली, आणि माझ्या निदानाची घरांत वाहवा झाली. खरा रोग मात्र आंत तसाच राहिला. माधवकरानें आपला 'माधवनिदान' ग्रंथ केवळ रोगाच्या निदानास वाहिला, त्यांत औषधें दिलीं नाहींत, याचें विद्यार्थिदशेंत मला नवल वाटे. आतां वाटत नाहीं.

यास्तव किल्ली दुसऱ्यांदा फिरविण्यापूर्वीं कानांनीं व डोळ्यांनीं काम करावें. किल्ली फिरवून नुसता 'टक्' असा आवाज आला, तर प्रथम बॅटरीचीं टोंकें पाहावीं. त्यांवर पांढरा-हिरवा क्षार चढलेला असतो, किंवा तीं सैल असतात. यंत्र कण्हत, रेंगाळत फिरत असेल तर बॅटरी दुर्बळ आहे. थंडींत तिची रासायनिक क्रिया मंदावते, आणि नेमकें त्याच वेळीं आंतलें तेल दाट झाल्यानें तिला अधिक बळ लावावें लागतें. यंत्र झपाट्यानें फिरत असून पेटत नसेल, तरच मागें जाऊन नळी पाहावी. पांढरा धूर म्हणजे तेल पोंचतें आहे, उष्णता नाहीं. धूर मुळींच नसेल तर तेलच पोंचत नाहीं. गाळणी तुंबली असेल, नाहींतर नळींत हवा शिरली असेल. एका खेपेस दहा सेकंदांहून अधिक फिरवूं नये, आणि मध्यें अर्धा मिनिट तरी विसावा द्यावा.

"दिवे लखलखीत लागतात, तेव्हां बॅटरी ठीक आहे," हा आमच्या नातवाचा युक्तिवाद होता. यालाच नैयायिक सव्यभिचार हेतु म्हणतात. दिव्यास चार-पांच अँपिअर पुरतात, स्टार्टरास शेंकडों लागतात. बॅटरी बळकट असो वा दुबळी, दिवा लागणारच! आणि डिझेल गोठल्याचें म्हणाल, तर तो प्रकार लडाखचा. तेथें उणे तीस अंशांच्या थंडींत डिझेलांतील मेण थिजतें, म्हणून 2019 सालीं इंडियन ऑईलनें उणे तेहतीस अंशांपर्यंत प्रवाही राहणारें निराळें डिझेल तेथें आणलें. बेंबळीची थंडी, ती कितीही झोंबो, तेथवर जात नाहीं.

माझ्या लहानपणीं मळ्यांतील विहिरींवर तेलाचीं इंजिनें धडधडत. पुण्याची किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी 1946 सालची. पहाटे शेतकरी इंजिनाची वरची लहान दांडी उचलून दाब मोकळा करी, हँडलनें चाकास चांगली गति देई, आणि मगच दांडी सोडी. कडाका असला तर घरून किटलीभर ऊन पाणी आणून इंजिनांत ओती. गति आणि ऊब, दोन्हीं हवींत, हें त्यास कोणी शाळेंत शिकविलें नव्हतें. आमच्या घरीं गाडी चालविणारे पांच आहेत. तिच्याकडे पाहणारा मात्र त्या पहाटेपर्यंत एकही नव्हता. एकत्र कुटुंबांतील गाडी, तिचें असें व्हावयाचेंच.

आतां ओसरीच्या खुंटीस एक वही टांगली आहे. दिवाळी झाली कीं प्लग तपासावयाचे, बॅटरीचीं टोंकें ऊन पाण्यानें धुऊन घट्ट करावयाचीं, आणि तारीख लिहून खालीं सही करावयाची. यंदाची पहिली सही धाकट्या पुतण्याची आहे. वहिनी रोज सायंकाळीं दिवा लावून झाला कीं त्यालाच विचारतात, "बाळ, गाडी सुरू करून पाहिलीस का रे?"