‘सिगारेट नाही हो, फक्त हुक्का!’

शनिवारी संध्याकाळी द्रुतगती मार्गावरून खालापूरला उतरणाऱ्या गाड्या आणि कर्जत लोकलमधून पाठीवर सॅक घेऊन उतरणारे घोळके पाहिले, की रविवारी सकाळी आमच्या अपघात विभागात कोण येणार याचा अंदाज बांधता येतो. पोहताना नाकातोंडात पाणी गेलेले, घाटात दुचाकीवरून घसरलेले, रात्री ‘जरा जास्त झालेले’. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवी भर पडली आहे. खिडक्या बंद केलेल्या खोलीत रात्रभर हुक्का ओढून सकाळी डोके धरून येणारी मंडळी.

अशीच एक रुग्ण. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलतो. वय सदतीस, मुंबईत नोकरी, मैत्रिणींबरोबर बंगल्यावर आलेली. सकाळी उठताना चक्कर येऊन पडली, डोके ठणकत होते, दोनदा उलटी झाली. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा ९९. रक्तदाब थोडा चढा. मी नेहमीचे प्रश्न विचारले. “सिगारेट ओढता?” “छे हो डॉक्टर, कधीच नाही.” “कुठल्या गोळ्या चालू आहेत?” “काही नाही.” शेजारी उभी असलेली मैत्रीण म्हणाली, “रात्री हुक्का होता फक्त.” मास्कने ऑक्सिजन दिल्यावर तासाभरात डोके हलके झाले. निघताना पर्समधून आधार कार्ड काढताना गोळ्यांची एक पट्टी बाहेर आली. एकवीस गोळ्यांची. “ही होय? ही पीसीओडीची आहे, पाळी नियमित यावी म्हणून.”

ती गोळी म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखे हार्मोन एकत्र असलेली संयुक्त गर्भनिरोधक गोळीच होती. बाई खोटे काहीच बोलल्या नव्हत्या. चूक माझ्या प्रश्नांत होती. सिगारेट विचारली, धूर विचारला नाही. गोळ्या विचारल्या, पाळीच्या गोळ्या विचारल्या नाहीत. सदतीस वर्षे वय, चढा रक्तदाब, इस्ट्रोजेन आणि धूर या चार गोष्टी एका व्यक्तीत एकत्र येऊ नयेत, हे वैद्यकशास्त्राला काही दशकांपासून ठाऊक आहे. इथे त्या एकत्र आल्या होत्या आणि केसपेपरवर त्यातल्या दोनच दिसत होत्या.

गोळी आणि धूर

आधी भीती दूर करू. संयुक्त गोळी हे जगभर कोट्यवधी स्त्रियांनी वापरलेले, चांगले अभ्यासलेले औषध आहे. आपल्याकडे सरकारी केंद्रांत मोफत मिळणारी माला-एन आणि दुकानात मिळणारी माला-डी याच प्रकारातल्या. २८ पैकी २१ गोळ्या हार्मोनच्या आणि सात लोहाच्या. त्यातील इस्ट्रोजेनमुळे यकृतात रक्त गोठवणारे घटक थोडे जास्त तयार होतात. शिरेत गुठळी होण्याचे प्रमाण गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला एक ते पाच, तर घेणाऱ्यांत तीन ते नऊ असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोंदवले आहे. गरोदरपणात हेच प्रमाण पाच ते वीसपर्यंत जाते आणि बाळंतपणानंतरच्या बारा आठवड्यांत चाळीस ते पासष्टपर्यंत. म्हणजे नको असलेल्या गर्भधारणेपेक्षा गोळी सुरक्षितच.

गणित बिघडते ते धुराने. तंबाखूचा धूर रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करतो आणि रक्तातील बिंबिका चिकट बनवतो. निकोटिन नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढवते. एकीकडे गोठायला तयार रक्त, दुसरीकडे खरवडलेली वाहिनी. यातून होणारे खरे नुकसान म्हणजे हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात. वय वाढते तसा हा धोका वेगाने चढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ३५ वर्षे ही रेघ आहे. पस्तिशीच्या आत धूम्रपान करणारी स्त्री संयुक्त गोळी साधारणपणे घेऊ शकते. पस्तिशीनंतर रोज पंधरापेक्षा कमी सिगारेट ओढणारीने ती शक्यतो घेऊ नये आणि पंधरा किंवा त्याहून अधिक ओढणारीने मुळीच घेऊ नये.

आता अडचण पाहा. हे सगळे मोजमाप सिगारेटींचे आहे. हुक्क्याला त्या तक्त्यात वेगळा रकाना नाही. मग हुक्का किती सिगारेटींचा धरायचा?

पाण्याने धुतला जातो का?

सिगारेट पाच-सात मिनिटांत संपते. आठ-बारा झुरके, अर्धा लिटरच्या आसपास धूर. हुक्क्याची बैठक वीस मिनिटांपासून तासाहून जास्त चालते. पन्नास ते दोनशे झुरके, आणि एकेक झुरका दीडशे मिलिलिटरपासून लिटरभरापर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू अभ्यासगटाने २००५ मध्येच लिहून ठेवले, की एका बैठकीत शंभर किंवा त्याहून अधिक सिगारेटींइतका धूर आत जाऊ शकतो. याचा अर्थ प्रत्येक घटक शंभरपट असा नव्हे. पण ‘महिन्यातून दोनदाच’ म्हणणाऱ्याने आपली गणती शून्यात करू नये, एवढा अर्थ नक्की आहे. हृदयावरील परिणामांचा आढावा घेऊन अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१९ मध्ये हुक्क्याविषयी असाच इशारा दिला.

पाण्यातून गेल्यामुळे धूर स्वच्छ होतो, ही समजूत आजोबांच्या गुडगुडीइतकीच जुनी. पाण्याने धूर गार होतो. घशाला टोचत नाही, म्हणून झुरका खोल जातो. निकोटिन, बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड पाण्यात फारसे अडकत नाहीत.

कार्बन मोनॉक्साइड हा या गोष्टीतला छुपा खलनायक. तो येतो चिलमीवरच्या जळत्या कोळशातून. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतो. मंडळी ज्याला ‘हुक्का चढला’ म्हणतात, तो पुष्कळदा हाच विषारी वायू असतो. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजनने भरलेले आणि या वायूने भरलेले हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही. माझ्या रुग्णाचा ९९ हा आकडा म्हणूनच फसवा होता. आणि ‘आमचा हर्बल आहे’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे: हर्बल मिश्रणात निकोटिन नसले तरी कोळसा तोच असतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि इतर विषारी घटकही जवळपास तेवढेच.

बंदी आहे, मग हुक्का येतो कुठून?

डिसेंबर २०१७ च्या अखेरीस मुंबईत कमला मिलच्या आवारातील आगीत चौदा जणांचा बळी गेला. हुक्क्याच्या निखाऱ्यांतून ती आग लागल्याचा निष्कर्ष अग्निशमन दलाने काढला. त्यानंतर २०१८ मध्ये राज्याने तंबाखू नियंत्रण कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घातली. शिक्षा एक ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते एक लाख रुपये दंड. पळवाट ‘हर्बल’ या शब्दात शोधली गेली. एप्रिल २०२३ मध्ये चेंबूरच्या एका उपाहारगृहाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की उपाहारगृहाच्या परवान्यात हुक्का बसत नाही. पालिका आयुक्तांनी त्यातले घटक हर्बल आहेत की नाहीत यावर सतत लक्ष ठेवत बसावे, अशी अपेक्षाही करता येणार नाही.

हे योग्यच झाले. पण कायद्याचा रोख पार्लरवर आहे, भाड्याच्या बंगल्यातल्या पाहुण्याने आपल्या गाडीतून आणलेल्या हुक्क्यावर नाही. शहरात बंद झालेली बैठक शनिवार-रविवारपुरती कर्जत, नेरळ, खोपोली, चौकच्या आजूबाजूला सरकली आहे. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश निघाले, की गर्दी आणखीनच चार भिंतींच्या आत जाते. बाहेर पाऊस, आत एसी, खिडक्या बंद, मधोमध निखारे. निखारे फुलवून आणून देणारा मुलगा आणि सकाळी ती खोली झाडणारी बाई जवळच्याच वाडीवरची. त्यांच्या नाकातोंडात जाणारा धूर तर कुठल्याच हिशेबात नाही. पनवेल-कर्जत नव्या उपनगरी मार्गामुळे हा भाग मुंबईच्या आणखी जवळ येणार. तेव्हा हा प्रश्न कमी होण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता.

दुसरीकडे, हे फक्त शहरी पाहुण्यांचे प्रकरण नव्हे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया १.४ टक्के, तर मिश्री वगैरे धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या १६.६ टक्के. आकडा लहान म्हणून आम्ही डॉक्टर स्त्रियांना बिडी-सिगारेटबद्दल विचारतच नाही. विचारले तर उत्तर सासूसमोर, नवऱ्यासमोर द्यावे लागते. अविवाहित मुलीला तर गोळी आणि हुक्का दोन्ही लपवायचे असतात. जिथे दोन गुपिते एकत्र असतात, तिथे डॉक्टरला अर्धीच माहिती मिळते.

नावाने फसवणाऱ्या गोळ्या

संयुक्त हार्मोन गोळी पीसीओडीसाठी, मुरुमांसाठी, अतिरक्तस्रावासाठीही दिली जाते. घेणारीच्या मनात ती ‘गर्भनिरोधक’ नसतेच. सहलीला, पूजेला किंवा लग्नाला जाताना पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या नॉरएथिस्टेरोनच्या गोळ्यांचेही असेच. नावाला ती प्रोजेस्टेरॉन गटातली, पण दिवसातून दोन-तीनदा घ्यायच्या त्या मात्रेत तिचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. सहलीसाठी गोळी आणि सहलीत हुक्का, ही जोडी वाटते तितकी दुर्मीळ नाही.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट म्हणजे हा लेख वाचून गोळी आज अचानक सोडू नका. दुसरा उपाय हाती येईपर्यंत नको असलेली गर्भधारणा राहिली, तर तो धोका मोठा आहे. सोडायचाच असेल तर हुक्का आजच सोडता येतो. त्यासाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी १८००-११-२३५६ मोफत आहे.

पस्तिशी ओलांडली असेल आणि हुक्का, बिडी, सिगारेट यांतले काहीही ओढत असाल, तर इस्ट्रोजेन असलेली गोळी बदलून घ्या. रक्तदाब १४०/९० च्या वर असेल, किंवा अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसत असतील, तर वय कितीही कमी असले तरी डॉक्टरांना सांगा. पर्याय भरपूर आहेत आणि सरकारी रुग्णालयात मोफत आहेत. तांबीत हार्मोन नसतेच. ‘अंतरा’ हे तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन इस्ट्रोजेनविरहित आहे. मात्र धूम्रपानाच्या जोडीला रक्तदाब, मधुमेहही असेल तर ते जपून वापरावे लागते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेल्या ‘छाया’ गोळीतही इस्ट्रोजेन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. निरोध आहे. कुटुंब पूर्ण झाले असेल तर पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी आहे. ती सुचवली की नवरोबा खिडकीबाहेर पाहू लागतात, हा भाग वेगळा.

गोळी चालू असताना पुढीलपैकी काही झाले, तर ‘रात्रीचे उतरले नसेल’ म्हणून झोपून राहू नका: एकाच पोटरीत दुखणे व सूज, छातीत कळ किंवा एकाएकी धाप, आजवर कधी न झालेली तीव्र डोकेदुखी, अचानक धूसर दिसणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे, शब्द अडखळणे. लगेच १०८ ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. इथून अनेकदा रुग्णाला पनवेल-नवी मुंबईकडे हलवावे लागते आणि रविवार संध्याकाळच्या वाहतुकीत त्यातला वेळ कसा जातो, हे इथल्या लोकांना सांगायला नको. हुक्क्याच्या खोलीत एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा.

उरला आमचा वाटा. त्या रविवारनंतर मी दोन प्रश्न बदलले. ‘सिगारेट ओढता का?’ ऐवजी ‘बिडी, सिगारेट, हुक्का, व्हेप, कधीतरी का होईना, काही ओढता का?’ आणि ‘गोळ्या चालू आहेत का?’ ऐवजी ‘पाळीसाठी, पीसीओडीसाठी, मुरुमांसाठी, कशासाठीही हार्मोनची गोळी घेता का?’ हे प्रश्न एकटीला, नातेवाइकांना बाहेर बसवून विचारायचे आणि उत्तर ऐकून भुवई उंचावायची नाही. माला-एन देणाऱ्या आशाताईला आणि माला-डी विकणाऱ्या दुकानदारालाही हे विचारता येईल. त्याला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. अर्धा मिनिट लागतो.

आणि आम्ही विचारायचे विसरलोच, तर तुम्ही आपणहून सांगा. हुक्का बेकायदा होता का, याची चौकशी पोलिसांची. आमच्याकडे ती नोंद फक्त तुमच्या औषधासाठी असते.