मध्यान्हीचा फुटबॉल

फुटबॉलच्या नियमांत मैदानाची लांबी-रुंदी, चेंडूचा परीघ व त्यातील हवेचा दाब ही सारी नेमकी सांगितलेली आहेत. मैदानावरील हवा किती तापल्यावर खेळ थांबवावा, ह्याविषयी मात्र ते मौन पाळतात.

धावणाऱ्या माणसाच्या स्नायूंत जी ऊर्जा मोकळी होते, तिचा सुमारे चतुर्थांश भागच प्रत्यक्ष कामी येतो; उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. उन्हाळ्यात ती बाहेर टाकण्याचे मुख्य साधन म्हणजे घाम. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर तो आपल्याबरोबर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. तोच अंगावरून ओघळून गेला, तर उपयोग जवळजवळ काहीच नाही. दमट हवेत नेमके हेच घडते. पावसाळ्यात लीगचे सामने पाहणाऱ्या कोलकात्याच्या प्रेक्षकांस हे वेगळे सांगावयास नको.

म्हणून शास्त्रज्ञ केवळ साध्या तापमापकावर विसंबत नाहीत. ओल्या फडक्याने वेढलेल्या तापमापकाचे ७ दशांश, उन्हातील काळ्या गोलाचे २ दशांश व साध्या तापमापकाचे १ दशांश अशी बेरीज करून ते एक संयुक्त मान काढतात. हे मान ३२ अंशांवर गेल्यास खेळाडूंना थंडाव्यासाठी विश्रांती द्यावी, असे फिफाचे धोरण होते. खेळाडूंची आंतरराष्ट्रीय संघटना फिफप्रो म्हणते की, विश्रांती २८ अंशांपासूनच द्यावी, आणि ३२ च्या पुढे सामनाच लांबणीवर टाकावा. शरीरशास्त्राचा कौल संघटनेच्या बाजूने आहे.

फिफाने २०२६ च्या विश्वचषकासाठी प्रत्येक अर्धात तीन मिनिटांची विश्रांती ठरविली. पाऊल स्वागतार्ह खरे. पण तासभर साठलेली उष्णता तीन मिनिटांत किती ओसरणार? (२०१४ मध्ये फोर्तालेझा येथे अशाच विश्रांतीत हॉलंडच्या प्रशिक्षकांनी डावपेच बदलले आणि हरत आलेला सामना जिंकला. तिचा खरा लाभ कोणास, हा प्रश्न तेव्हाच पडावयास हवा होता.)

मूळ दोष वेळापत्रकात आहे. १९७० चा मेक्सिकोतील अंतिम सामना दुपारी १२ वाजता सुरू झाला, १९९४ चा पॅसाडेना येथील साडेबाराला. दोन्ही वेळा युरोपातील दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांची सोय पाहिली गेली. जून २०२५ मध्ये क्लब विश्वचषकात सिनसिनाटी येथे सामना भर दुपारीच होता. डॉर्टमुंडच्या राखीव खेळाडूंनी पहिला अर्ध कपडे बदलण्याच्या खोलीत बसून पाहिला. धावणाऱ्या अकरांस अर्थातच ती मुभा नव्हती.

औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने पृथ्वी एका अंशाहून अधिक तापली आहे, आणि प्रत्येक अंशामागे हवेत सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते. पूर्वी जेमतेम सोसवणारी दुपार ह्यामुळेच असह्य होते. वेळापत्रक अढळ असते असे नाही: उन्हाळा टाळण्यासाठी कतारमधील २०२२ चा विश्वचषक नोव्हेंबर-डिसेंबरात खेळविला गेला, आणि त्यासाठी युरोपातील मातब्बर लीगांनीही आपला हंगाम मध्येच थांबविला. संपूर्ण स्पर्धा जर पाच महिने पुढे ढकलता येते, तर दुपारचा सामना सायंकाळी नेणे अशक्य आहे, असे आयोजकांस म्हणता येणार नाही.