अंदाज चुकला म्हणून फुली मारू नका!

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आपल्या धुळ्याजवळच्या गोंदूर विमानतळावर 2020 मध्ये एका आगळ्या विमानाच्या चाचण्या झाल्या. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान! वर्गात ही गोष्ट सांगितली तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, पण पंखा इमानले पुढे कसा ओढस?"

मी एक नटबोल्ट दिला. नट दहा वेळा फिरवा, पट्टीने मोजा. 15 मिलीमीटर सरकला. म्हणजे एका फेरीत दीड मिलीमीटर. यालाच पिच म्हणतात. विमानाचा पंखाही हवेत असाच 'स्क्रू'सारखा शिरतो.

आता पाचवीचं गणित. पंख्याचा पिच दीड मीटर धरा, मिनिटाला फेरे 2400. म्हणजे मिनिटाला 3600 मीटर, ताशी 216 किलोमीटर. पण हवा काही लोखंड नाही, ती मागे सरकते. समजा विमान प्रत्यक्षात 180 नेच गेलं, तर 36 ची घसर, म्हणजे सहावा हिस्सा. इंजिनाची सगळी ताकदही कामी येत नाही. चांगला पंखा शंभरातले साधारण ऐंशी भाग विमान ओढायला लावतो. म्हणून घरी विमान बांधणारा माणूस आधी अंदाज काढतो, मग चाचणी घेतो, फरक बघतो आणि पुन्हा अंदाज सुधारतो. त्याचा पहिला आकडा क्वचितच बरोबर येतो. त्यात लाज कसली?

आणि आपण काय करतो? माझीच चूक सांगतो. बरणीतल्या चिंचोक्यांचा अंदाज एका मुलाने 150 लिहिला. मोजले तर 138 निघाले. मी लाल पेनाने फुली मारली. त्यानंतर त्या पोराने अंदाज करणंच सोडलं. काही विचारलं की म्हणायचा, "गुरुजी, तुम्हीच सांगा ना."

त्या एका फुलीने मी त्याचा विचारच थांबवला, हे मला फार उशिरा कळलं.

आता मी वहीत तीन रकाने आखून घेतो: माझा अंदाज, प्रत्यक्ष मोजमाप, फरक का आला. गुण तिसऱ्या रकान्याला. पालकांनो, तुम्हीही घरी विचारा: विहिरीतून बादली वर यायला किती हात दोर लागेल? या पिशवीत किती किलो कापूस मावेल? उत्तर चुकलं तर हसू नका. "का चुकलं असेल रे?" एवढंच विचारा.

उद्या खान्देशातलं एखादं पोर गच्चीवर काहीतरी बांधायला घेईल. तेव्हा त्याच्या हाताला आपली फुली आठवू नये, इतकंच.